बार्शी लाइट रेल्वेवरचं एक छोटं स्टेशन, १:४५ (खऱ्याच्या पंचेचाळिसाव्या हिश्शाएवढी प्रतिकृती) : प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२३

प्रकल्पाची हद्द ठरली. कुर्डुवाडी ते बार्शी, पुढे लातूर, आणि दुसऱ्या अंगाला पंढरपूर ते मिरज अशी पसरलेली ही अडीच फुटी लाइन. तिच्यावरचं मधलं एखादं छोटं स्टेशन प्रतिकृतीत उभं करायचं आणि शेजारी इतिहासाचा एक फलक लावायचा. अमुकच गावाची हुबेहूब नक्कल करायची नाही. नमुना स्टेशन करायचं, म्हणजे नावाची पाटी बदलली की तेच शेंद्री, तेच मोडनिंब.

आधी वर्ष ठरवलं, कारण वर्षाशिवाय काहीच ठरत नाही. लाइनच्या तारखा अशा:

१८९७, मार्च : कुर्डुवाडी (तेव्हाचं नाव बार्शी रोड) ते बार्शी, २१ मैल.
१९०६ : पंढरपूरपर्यंत. दुसऱ्या बाजूला बार्शीपासून तडवळ्यापर्यंत १९०६-०७ मध्ये.
१९११ : लातूर.
१९२७ : पंढरपूर ते मिरज. इथे लाइन पूर्ण झाली, एकूण सुमारे २०२ मैल.
१ जानेवारी १९५४ : लंडनमध्ये नोंदलेल्या खासगी कंपनीकडून भारत सरकारच्या ताब्यात.

प्रतिकृतीचं वर्ष १९५३, सुगीनंतरचा हिवाळा. लाइन पूर्ण आहे, कंपनी अजून कंपनीच आहे आणि मालाचा हंगाम चालू आहे. या एका निर्णयाने पुढचे कित्येक वाद आपोआप मिटले. तिकिटावर रुपये-आणे-पै हवेत, कारण नवे पैसे १ एप्रिल १९५७ चे. अंतराचे दगड मैलांचे, किलोमीटरचे नाहीत. लातूर, ढोकी, मुरूड, येडशी ही तेव्हा हैदराबाद राज्यात, त्यामुळे त्या बाजूच्या पाट्यांवरची लिपी हा वेगळाच विषय होतो. म्हणून पाट्या मुंबई राज्याच्या बाजूच्याच ठेवल्या: शेंद्री, पांगरी, मोडनिंब, ढालगाव.

१९ नोव्हेंबर

प्रमाण. गेज (दोन रुळांतलं अंतर) २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. माथेरानची २ फुटी, ६१० ची. दोन्ही ‘नॅरो गेज’ म्हणून एकाच पिशवीत घालतात आणि मग डबे भलत्याच मापाचे होतात.

बाजारात चाकं सहज मिळतात ती ९ मिमी आणि १६.५ मिमी गेजची.

९ मिमी, १:८७ ला : खऱ्या मापात ७८३. २१ मिमी जास्त.
१६.५ मिमी, १:४८ ला : ७९२. ३० मिमी जास्त.
१६.५ मिमी, १:४५ ला : ७४२.५. साडेएकोणीस मिमी कमी.

१:४६.२ ला बिनचूक जमतं, पण त्या प्रमाणात माणसं, बैल, गाड्या काहीच मिळत नाही. १:४५ घेतलं. १:४३ आणि १:४८ अशा दोन्ही मापांच्या आकृत्या त्यात खपून जातात. उंच माणूस आणि बुटका माणूस. एक फूट म्हणजे ६.७७ मिमी. हा आकडा पेन्सिलीने टेबलावरच लिहून ठेवला आहे.

२६ नोव्हेंबर

जुन्या कागदांतून काय निघतं आणि काय निघत नाही, याची नोंद. पुढे कोणी असंच काम काढलं तर वेळ वाचेल.

एक इंच = एक मैल या प्रमाणाचे जुने नकाशे म्हणजे १:६३,३६०. १०० मीटरची लूप (गाड्यांना बाजूला घ्यायची जोडलाइन) त्यावर १.६ मिमी भरते, म्हणजे रेषेच्या जाडीतच गडप. स्टेशनची जागा, गावापासूनचं अंतर, बैलगाडीची वाट आणि ओढा एवढं मिळतं. रुळांची मांडणी मिळत नाही.

वेळापत्रकातून मांडणी अप्रत्यक्षपणे कळते. ज्या स्टेशनावर समोरासमोरच्या गाड्या एकाच सुमाराला येतात, तिथे क्रॉसिंग होतं. म्हणजे लूप असलीच पाहिजे, सांधे (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळवायची जागा) असलेच पाहिजेत, सांधेवाला असलाच पाहिजे. जिथे गाडी फक्त थांबून निघते तिथे लूप असेलच असं नाही. रेल्वेच्या वर्गवारीत अशा थांब्याला डी क्लास म्हणतात, जुन्या बोलीत फ्लॅग स्टेशन. तिथे लाइन क्लिअरचा, म्हणजे पुढच्या स्टेशनाकडून गाडी सोडायची परवानगी घेण्याचा, व्यवहार नसतो. हॉल्टवर तर तिकिटं विकायला कमिशनवरचा एजंट असतो, रेल्वेचा माणूसही नाही. लोक या सगळ्याला सरसकट ‘स्टेशन’ म्हणतात. इतिहास लिहिताना हे वेगळं काढलंच पाहिजे. एकच गाव एका काळात क्रॉसिंग स्टेशन आणि नंतर नुसता हॉल्ट असू शकतं, आणि तिथे गावाचा व्यापार कुठे गेला ते दिसतं.

नमुना क्रॉसिंग स्टेशनचा घेतला: मुख्य लाइन, एक लूप, एक मालाची साइडिंग (डबे उभे करून माल चढवायची बाजूची लाइन).

३ डिसेंबर

फोटोंवरून मापं काढणं. इथे या लाइनने एक सोय करून ठेवली आहे. ही लाइन उभारणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने मालाचे सगळे डबे एकाच सांगाड्यावर बांधले, दाबलेल्या पोलादाचा, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. २५ फूट म्हणजे ७,६२० मिमी. गेज ७६२. बरोब्बर दहापट. म्हणजे फोटोत गाडी उभी असेल तर रुंदीची पट्टी रुळांची आणि लांबीची पट्टी डब्याची, दोन्ही आयत्या मिळतात.

चूक कुठे होते: गेजची पट्टी फोटोत जिथे मोजली तेवढ्याच अंतरावर चालते. रूळ पुढच्या बाजूला आणि इमारत दहा मीटर मागे असेल, तर इमारत हमखास लहान निघते. पहिल्या मोजणीत तिकीटघराचं दार पाच फुटांचं आलं, हे त्यामुळेच. उपाय असा की इमारतीच्याच अंतरावरचं ओळखीचं माप शोधायचं. पत्र्याची नाळ चांगली, तिच्या दोन उंचवट्यांतलं अंतर तीन इंच. छपरावरच्या नाळी मोजल्या की रुंदी निघते. मात्र पत्रे एकावर एक चढवलेले असतात, तिथे दीड-दोन नाळी गिळल्या जातात हे धरायचं.

१० डिसेंबर

पाट (बेसबोर्ड). १,२०० × ४५० मिमीचे दोन. वर ९ मिमी वॉटरप्रूफ प्लाय, खाली ४५ × २० च्या पाइनच्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या दर ३०० मिमीवर. जोडायला दोन एम-८ बोल्ट, आणि रूळ जुळावेत म्हणून पितळी डॉवेल (खुंट्या) दोन. नुसत्या बोल्टवर भरवसा ठेवू नये. बोल्टाच्या भोकात अर्धा मिमी ढिलाई असतेच आणि रुळाचं डोकं असतं जेमतेम एक मिमीचं.

एमडीएफ नाकारलं. पावसाळ्यात कडा फुगतात आणि एकदा फुगल्या की पुन्हा बसत नाहीत.

दोन्ही पाट जोडून २.४ मीटर, खऱ्या मापात १०८ मीटर. लूपची मोकळी लांबी १.१ मीटर बसते, म्हणजे इंजिन आणि पाच डबे. ब्रॉडगेजची नेहमीची लूप ६८६ मीटरची. तीच या प्रमाणात करायची तर सव्वापंधरा मीटरची खोली हवी! छोट्या लाइनचं स्टेशन गावात मावायचं आणि ब्रॉडगेजचं गावाबाहेर का जातं, ते एवढ्यावरून कळतं.

१७ डिसेंबर

रूळ. सगळा प्रकल्प या एका वस्तूवर उभा आहे, म्हणून नोंद लांब.

बार्शी लाइटचे मूळ रूळ यार्डाला ३० पौंड, मीटरला साधारण १५ किलो. आजच्या मुख्य ब्रॉडगेजचे ६० किलो. तीस फुटी तुकडा धरला तर ३०० पौंड, १३६ किलो. सहा गँगमन उचलून बाजूला ठेवतात. आजचा १३ मीटरचा तुकडा ७८० किलोचा.

एवढ्या बारीक रुळावर खरी मालगाडी कशी चालवायची, हेच कॅलथ्रॉपचं कोडं आणि हेच त्याचं उत्तर: इंजिन असो, माल असो, प्रवासी असो, कुठल्याही आसावर (ॲक्सलवर) पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. इतर ठिकाणी डबे हलके आणि इंजिन जड असायचं, मग रूळ इंजिनाच्या मापाचा घालावा लागे आणि वर्षभर तो खर्च अंगावर बसे. इथे इंजिनाचंच वजन जास्त चाकांवर वाटलं. लीड्सच्या किट्सन कारखान्यातलं एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांचं टाकी-इंजिन, मागे आणखी चार चाकं. डब्याला चार आस, म्हणजे मालासकट वीस टन. आणि अडीच फुटी रुळावर सात फुटी डबा, गेजच्या २.८ पट. ब्रॉडगेजवर हेच प्रमाण दुपटीच्या आत असतं.

आता प्रतिकृतीत. दुकानात मिळणारा सर्वसाधारण रूळ ‘कोड १००’, उंची २.५४ मिमी. गुणिले ४५ केलं की ११४.३ मिमी. ही ६० पौंडी रुळाची उंची झाली! तो वापरला की बार्शी लाइट संपली, कुठली तरी मीटरगेज झाली. ३० पौंडी रूळ तीन इंचांच्या आसपास. ‘कोड ७०’ घेतला: १.७८ मिमी, म्हणजे ८० मिमी. पाहणाऱ्याला फरक सांगता येणार नाही, पण काहीतरी ‘हलकं’ आहे हे दिसतं. तेवढंच हवं.

कोड ७० ला तयार स्लीपरपट्टी या मापात नाही, तेव्हा हाताने घालणं आलं.

२४ डिसेंबर

स्लीपर. नॅरोगेजचा लाकडी स्लीपर १५० × १८ × ११.५ सेंटीमीटर धरला. १:४५ ला ३३.३ × ४ × २.५ मिमी. मधलं अंतर १७ मिमी. एकूण रूळ ४.८ मीटर, म्हणजे २८२ स्लीपर. तुटफूट धरून ३२० कापले.

लाकूड: आइस्क्रीमच्या काड्या. गोल टोकं काढून एका काडीत चार स्लीपर, ऐंशी काड्या. जाडी २ मिमीच भरते, पण अर्धा मिमी खडीत बुडतो, चालतं. रंग चहाच्या पाण्याने दिला तर लाकूड पिवळट राहतं. लोखंडी कीस व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवून ते पाणी चहानंतर फिरवलं की चहातल्या टॅनिनशी मिळून करडा-काळा रंग येतो, उन्हात तावून निघालेल्या जुन्या लाकडासारखा.

दर पाचवा स्लीपर तांब्याच्या पीसीबीचा (सर्किटच्या पाटीचा), रूळ त्यालाच डागायचा (सोल्डर करायचा). ५६ लागले. दोन चुका इथे ठरलेल्या. एक: पीसीबी १.६ मिमी, काडी २ मिमी. खाली ०.४ चं कार्ड न चिकटवता डागलं, तर दर पाचव्या स्लीपरला रूळ खाली ओढला जातो आणि डबा झोके खातो. दोन: पीसीबीच्या मध्यभागी तांबं कानशीने तोडायचं राहिलं की दोन रूळ एकमेकांना जोडले जातात. ५६ पैकी एकच राहिला तरी पूर्ण लाइन बंद पडते, आणि तो शोधायला ५६ तपासावे लागतात. म्हणून मल्टिमीटर लावून, तपासून, मगच चिकटवायचा. फ्लक्स (डागताना लावायचं द्रव्य) रोझिनचंच. ॲसिडचं स्वस्त पडतं, पण पावसाळ्यात प्रत्येक डागाभोवती हिरवं फुटतं.

७ जानेवारी २०२४

सांधे तीन. दोन लूपचे, एक साइडिंगचा. कोन १:६. खऱ्या यार्डात १:८.५ नेहमीचा, पण तेवढी लांबी नाही. हा खोटेपणा मान्य करून टाकला.

दोन लाइनींच्या मध्यरेषांत ५८ मिमी. सात फुटी डबा ४७.४ मिमी, दोन डबे शेजारी उभे राहिले की मधे साडेदहा मिमी. फाउलिंग मार्क (जिच्या पुढे उभा डबा शेजारच्या लाइनला अडेल ती खूण) कुठे ठेवायचा ते हिशेबाने नाही, डबा ढकलून ठरवलं: एक डबा मुख्य लाइनवर उभा, दुसरा लूपमधून पुढे सरकवत नेला, जिथे दोघांत १० मिमीपेक्षा कमी उरलं तिथून मागे चुन्याची खूण. पहिल्यांदा खूण सांध्याच्या फार जवळ पडली होती, कारण मोजताना डब्याचा कोपरा न धरता मध्य धरला होता. बोगीच्या डब्याचा कोपरा वळणावर बाहेर झेपावतो आणि २.८ पट रुंदीच्या डब्यात तो चांगलाच झेपावतो.

२१ जानेवारी

खडी. क्रशरची चुरी, म्हणजे आपलाच काळा बेसाल्ट. चहाच्या गाळणीतून पडेल ते घ्यायचं आणि मैद्याच्या चाळणीतून पडेल ते टाकायचं. उरतं ते अर्धा ते एक मिमी, खऱ्या मापात दोन ते साडेचार सेंटीमीटर. ४.८ मीटरला साधारण दीड किलो चाळावी लागली, वापरली गेली निम्मीच.

एक गोष्ट परदेशी मार्गदर्शनात सापडत नाही. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. चाळलेल्या चुरीवरून चुंबक फिरवला की मिशा फुटल्यासारखे कण चिकटतात. हे कण सुटे राहिले तर इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाकडे ओढले जातात आणि गिअरमध्ये जाऊन बसतात. कागदावर पातळ थर पसरून चुंबक तीनदा फिरवायचा, खाली प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. नाहीतर चुंबक कायमचा दाढीवाला होतो.

चिकटवणं: फेव्हिकॉल एक भाग, पाणी तीन, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर थेंब खडीवर मण्यासारखा बसतो आणि खडी उकरून काढतो.

४ फेब्रुवारी

जमीन. हे काम दोन आठवडे अडलं.

पहिला प्रयोग: अस्सल काळी माती. वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीने चाळून, वरच्याच फेव्हिकॉलच्या पाण्याने बसवली. ओली असताना सुंदर दिसली. दोन दिवसांत वाळली आणि दर वीस-पंचवीस मिमीवर भेग, रुंदी एक ते दीड मिमी. पापुद्र्यांच्या कडा वर वळल्या आणि स्लीपरची टोकं घेऊन उठल्या. लूपचा ३०० मिमी तुकडा उखडून परत घालावा लागला.

कारण मातीतच आहे. काळ्या मातीतली चिकण पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. गोंद पाण्यातला असेल तर तो बसण्याआधी माती फुगलेली असते आणि गोंद घट्ट होतो तोवर ती आकसायला लागते.

आणि हेच या लाइनचं रोजचं दुखणं होतं. सोलापूर-बार्शीचा पट्टा काळ्या मातीचा. त्यावर नुसता भराव घालून रूळ टाकला की पावसाळ्यात माती खडी गिळते आणि उन्हाळ्यात भेगाळून एका बाजूला बसते. रूळ जागेवर नाही म्हणून गँग रोज पहार-फावडं घेऊन पॅकिंगला, म्हणजे स्लीपरखाली खडी ठोकायला. उपाय मुरमाचा: मातीवर मुरमाचा जाड थर, त्यावर खडी, कडेने पाणी काढून द्यायला चर. आसाला पाच टन ही मर्यादा रुळापुरतीच नव्हती, अशा जमिनीवर कमी खर्चात लाइन टिकवण्याचंही ते गणित होतं.

११ फेब्रुवारी

दुसरा प्रयोग: माती एक, बारीक वाळू तीन. भेगा केसाएवढ्या, पण रंग करडा झाला. शेत नाही, रस्ता दिसतो.

१८ फेब्रुवारी

तिसरा प्रयोग, आणि तोच ठेवला. प्लायवर आधी काळसर तपकिरी रंग. त्यावर चाळलेला मुरूम एक मिमी, फेव्हिकॉलच्या पाण्याने. मुरूम फुगत नाही. तो पूर्ण वाळल्यावर काळी माती कोरडीच, गाळणीतून भुरभुरवायची, डोळ्याला झाकेल इतकीच. बसवायला पाणी नाही: चपडा (शेलॅक) एक भाग, स्पिरिट दहा भाग, फवाऱ्याने दोन हात. स्पिरिटने माती फारशी फुगत नाही आणि मिनिटांत उडून जातं. फवारा जवळून मारला तर चकाकी येते. ढगाळ दिवशी मारला तर पांढरी झाक येते, तेव्हा कोरडा दिवस पाहून.

लाइनच्या दोन्ही अंगांना आठ-आठ मिमी पट्टी मुरमाचीच उघडी ठेवली. खऱ्या लाइनवरही तशीच दिसायची: काळ्या शेतातून जाणारी तांबूस पट्टी.

३ मार्च

प्लॅटफॉर्म रुळाच्या पातळीचा, मुरूम टाकून चोपलेला, कडेला दगडाची एक ओळ. उंच प्लॅटफॉर्म बांधून टाकायचा मोह होतो, तो टाळावा. चढ-उतार पायरीवरून.

मालधक्का मात्र उंच, १३ मिमी, म्हणजे दोन फुटांच्या आसपास. दगडी कड, वर मुरूम, मागून बैलगाडीला चढायला उतार. उतार १:८ ठेवला. आधी १:४ होता, तो भरल्या गाडीच्या बैलांना झेपला नसता. हा धक्का आणि त्यापुढची साइडिंग म्हणजे स्टेशनच्या असण्याचं कारण. प्रवाशांसाठी एक खोली, एक झाड पुरतं. ज्वारी, कापूस, भुईमूग यांच्यासाठी वेगळी लाइन घालावी लागते आणि डबा तिथे सोडून गाडी पुढे काढावी लागते. इथे चढलेलं पोतं कुर्डुवाडीला पुन्हा उतरायचं. तिथून पुढे ब्रॉडगेज, त्यामुळे या डब्यातून त्या डब्यात हमालांच्या पाठीवरून. छोट्या लाइनची सगळी काटकसर त्या एका धक्क्यावर थोडी थोडी परत जायची. पंढरपूरच्या फाट्याचं गणित निराळं: तिथे वर्षभर बेताचा भार आणि आषाढी-कार्तिकीला पूर.

धक्क्यावर ठेवलं: पोती २४ (पोलिमर क्ले, १८ × ११ मिमी, ओली असताना मलमलीचा छाप), कापसाच्या गाठी ६, काटा १. बैलगाड्या दोन, लाकडी चाकांच्या, लोखंडी धावेसह.

१७ मार्च

तिकीटघर. बाहेरून ९४ × ६७ मिमी (१४ × १० फूट). भिंती १० मिमी, म्हणजे दीड फुटी दगडी. सनबोर्ड ५ मिमीचे दोन थर, बाहेरच्या थरावर बोथट सुरीने दगड कोरले. ओळी सारख्या कोरल्या तर वीटकाम वाटतं. दगडाची उंची ६ ते ९ मिमी बदलती ठेवली आणि कोपऱ्यांना मोठे घडीव दगड. थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारू नये, विरघळतो.

पत्रा. नाळ तीन इंच, म्हणजे १.७ मिमी. एम-१२ आट्याच्या सळईचा आटा १.७५ मिमी, म्हणून दोन सळयांमधून फॉइल फिरवून पाहिलं. फाटलं. आटा तिरका असतो, सुमारे तीन अंश, आणि समोरासमोरच्या सळयांचे आटे उलट दिशांना तिरके पडतात. नाळी एकमेकींना छेदतात. मग ॲक्रिलिकच्या तुकड्यावर पट्टी लावून १.७ मिमीवर चरे पाडले आणि फॉइल वर ठेवून रिकाम्या बॉलपेनने एकेक चर दाबला. फॉइल पार्सलच्या डब्यांचं. शीतपेयाच्या कॅनचं कडक असतं, दाब सोडला की सपाट होतं. एकूण पत्रे २२, १८ × ५४ मिमीचे (३२ इंच × ८ फूट), बाजूला एक नाळ चढवून. तिथेच पाणी अडतं, तिथेच गंज आधी दिसायला हवा.

३१ मार्च

काय नाही ते तपासलं. विजेचा खांब नाही, रॉकेलचे कंदील. गाजरगवत नाही: ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं १९५५-५६ च्या सुमारास. रुळाकडेच्या झुडपांत पांढऱ्या फुलांचं काहीतरी घातलं होतं, ते उपटलं. बाभूळ दोन, कडुनिंब एक, तरवड थोडा.

पाटीची खाच लोखंडी, पाट्यांना मागे २ मिमीचे चुंबक. चारही पाट्या आलटून-पालटून लावता येतात.

तिकिटं १:४५ ला १.३ × ०.७ मिमी; करण्यात अर्थ नाही. त्याऐवजी खऱ्या मापाची नमुना तिकिटं, ५७ × ३१ मिमी जाड पुठ्ठ्याची, शंभर छापली. क्रमांक दोन्ही टोकांना. भाड्याची जागा कोरी आणि वर ‘नमुना’ असा आडवा शिक्का.

१४ एप्रिल

फलकाचा मजकूर, १८० शब्दांत बसवला. चार वाक्यं तीनदा बदलली. ‘इंग्रज सरकारची रेल्वे’ काढलं. ती कंपनीची होती. ‘१८९७ साली लातूर-मिरज सुरू’ काढलं. १८९७ ला फक्त २१ मैल. ‘कॅलथ्रॉपने बार्शीनंतर हीच पद्धत इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्डवर नेली’ हे ठेवलं: तीही ७६२ ची, १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद. बार्शी लाइट तिच्यानंतर सत्तरएक वर्षं चालली. शेवटचं वाक्य रुंदीकरणाचं: लातूर-कुर्डुवाडी २००७-०८, मिरजेपर्यंतचा भाग २०११ पर्यंत.

२८ एप्रिल

दुपारी रूळ वाकला. दुसऱ्या पाटावर, मुख्य लाइनच्या मध्यावर, दीड मिमी बाजूला. घालताना डिसेंबरची सकाळ होती आणि तुकडे टोकाला टोक भिडवले होते. निकेल सिल्व्हरचा ९०० मिमी तुकडा तीस अंशांच्या फरकात अर्धा मिमी वाढतो. जागा नसेल तर बाजूला जातो. दर जोडाला अर्ध्या मिमीची फट कापली, फिशप्लेटमध्ये (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीत) ग्रीसचा ठिपका, वीज बारीक तारेने वळसा घालून. खऱ्या रुळांच्या जोडातही याच कारणासाठी फट ठेवतात.

२३ जून

पहिल्या आठवड्याच्या पावसानंतर पाटांच्या जोडावर ०.३ मिमीची पायरी. डॉवेल ठीक, प्लायची खालची बाजू रंगवायची राहिली होती, तिथून ओल शिरली. खालून दोन हात ऑइल पेंट, रुळाचं डोकं कानशीने उतरवलं. काळ्या मातीचा थर कुठेही उठलेला नाही. साइडिंगच्या टोकाला, मालधक्क्याच्या उतारापाशी, मुरूम थोडा बसला आहे. तिथे खाली चर काढलेला नव्हता. चर काढून सप्टेंबरमध्ये पुन्हा भरायचा.